सनद रुजू करावी

टॅबलेट आणि त्याच्यासाठी निराळा विकत घेतलेला, तारेवाचून चालणारा कळफलक यांचे सूत्र आमच्या घरी इतके उत्तम जमले होते, की महसूल खात्यातून निवृत्त होताना आत्मचरित्र लिहिण्याचा जो धाक मी आप्तेष्टांना घातला होता, तो खरा होण्याची चिन्हे दिसू लागली होती; परंतु एके रात्री टॅबलेटने परस्पर आपल्या कारभारात सुधारणा करून घेतल्या आणि सकाळी कळफलक मुका झाला. ज्या गोष्टीविरुद्ध कोणाचीच तक्रार नसते, ती सुधारण्याचा या मंडळींचा उत्साह विशेष दांडगा असतो.

त्यातही मौज अशी, की पडद्यावर कळफलकाच्या नावापुढे ‘जोडलेले आहे’ ही नोंद ठळकपणे झळकत होती. हजेरीपटावर कारकून हजर आणि खुर्ची रिकामी, हा प्रकार मला नोकरीत अपरिचित नव्हता. तो यंत्रांतही शिरला असेल, अशी मात्र कल्पना नव्हती. कोपऱ्यात ब्लूटूथचे चिन्ह होतेच. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याची आद्याक्षरे रून लिपीत गुंफून ते केलेले आहे. पण डेन लोकांना एकछत्री अमलाखाली आणणाऱ्या त्या पुरुषश्रेष्ठाला वीतभर अंतरावरची ही दोन यंत्रे काही एकत्र आणता येईनात.

शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आली. “आजोबा, बंद करून परत चालू केलंत ना?” केले होते. “चार्जिंग?” भरपूर होते. “मग यादीतून काढूनच टाका त्याला.”

तिच्या खुलाशाचे तात्पर्य असे, की पहिल्या भेटीत ही यंत्रे एक गुप्त किल्ली ठरवून तिची नोंद आपापल्या दप्तरी ठेवतात आणि पुढे दरवेळी तीच ताडून पाहतात. सुधारणेच्या धामधुमीत टॅबलेटच्या दप्तरातली नोंद गहाळ झाली, की कळफलकाने आपली कितीही पुढे केली तरी रुजुवात म्हणून होत नाही. १८५२ सालच्या इनाम कमिशनापुढे पिढीजात इनामदारांची जी गत झाली तीच या गरिबाची: वहिवाट जुनी, चाकरी इमानाची, पण सनद दाखव!

अखेर त्याला रीतसर बरतर्फ केले, त्याच्या कडेची बारीक कळ निळा दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरली, आणि टॅबलेटने पूर्वीची ओळखदेख नसल्याच्या आविर्भावात सहा अंकी आकडा पुढे केला. हा आकडा त्या मुक्यानेच टंकावयाचा असतो! टंकला, एंटर दाबली, बहालीचा हुकूम झाला.

शिरस्त्याप्रमाणे प्रथम ‘श्री’ लिहावयास घेतला. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीत स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे, हे माझ्या बोटांच्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे पडद्याकडे न पाहताच ती चालवली. वर पाहतो तो नव्या सनदेत दप्तराची भाषा इंग्रजी ठरलेली, आणि ‘श्री’च्या जागी एम, डी, जे, आर अशी चार अक्षरे उभी.

मुलीने ती वाचली आणि अत्यंत आदराने विचारले, “आजोबा, हे एम. डी. ज्युनिअर कोण?”