आठपैकी पाच

महिला दिनाच्या पुरवणीत एक मजकूर दरवर्षी ठरलेला असतो. नोकरी, घर, अंथरुणावरचे सासरे, दहावीतला मुलगा आणि वर एखादा नवा कोर्स, असं सगळं ‘लीलया’ पेलणारी बाई. चौकटीत तिचा हसरा फोटो, खाली ‘तारेवरची कसरत’. डोंबाऱ्याच्या खेळात निदान दोर ताणून धरायला खाली कोणी तरी असतं. इथे अख्खं कुटुंब टाळ्या वाजवायला मोकळं.

ही बाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल तर गंमत आणखी वाढते. (‘म्हणजे फिजिओच ना?’ नाही हो. ढोबळ सांगायचं तर आखडलेला खांदा फिजिओ मोकळा करतो आणि तो सदऱ्याच्या बाहीत कसा घालायचा हे ही शिकवते.) पक्षाघात झालेल्याला एका हाताने बटणं लावायला शिकवणं, संधिवातवालीला मनगट न दुखवता कणीक मळायला शिकवणं, स्वमग्न मुलाची केस कापून घ्यायची भीती घालवणं, ही तिची रोजची कामं. त्यातला एक धडा शक्ती पुरवून वापरण्याचा. भाजी बसून चिरा. जड डबे कमरेच्या उंचीवर ठेवा. दमल्यावर नव्हे, दमायच्या आधी थांबा. कामं वाटून द्या. दिवसभर हे पेशंटच्या गळी उतरवायचं आणि संध्याकाळी लोकलमध्ये उभ्याने येऊन थेट ओट्यापाशी उभं राहायचं. ‘कामं वाटून द्या’ हे शेवटचं वाक्य तिने घरीही म्हणून पाहिलेलं असतं. कोणाला ऐकू गेलं नाही. त्यावर तिच्याकडे इलाज नाही, ते खातं ऑडिओलॉजिस्टचं.

माणूस किती स्वावलंबी आहे हे मोजायच्या पट्ट्या तिच्याकडे असतात. एकीचं नाव एफआयएम. अठरा बाबी, प्रत्येकीला एक ते सात गुण. सात म्हणजे सगळं स्वतःचं स्वतः. पाच म्हणजे करतो स्वतःच, पण वस्तू कोणी तरी हाताशी मांडून द्यावी लागते, नाही तर शेजारी उभं राहून सांगावं लागतं. ही पट्टी घेऊन हॉस्पिटलऐवजी कुठल्याही सुखवस्तू दिवाणखान्यात जा. ‘अगं, टॉवेल!’ अशी आतून आरोळी आणि दाराच्या फटीतून टॉवेल आत: पाच. ताट वाढून, पेल्यात पाणी भरून, दोनदा हाक मारल्यावर जेवायला येणं: पाच. मोजे जिथे रोज असतात तिथेच आहेत, हे सकाळी कोणी तरी सांगणं: पाच. स्मरणशक्तीलाही त्या यादीत रकाना आहे. आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या उद्या संपतायत, हे आईच्या मुलाला आठवत नाही, सुनेला आठवतं. तिथे किती द्यायचे ते तिचं तिने ठरवावं. मेंदूत गुठळी नाही, मणका शाबूत, सकाळी टेकडी चढून आलेला गृहस्थ, आणि सातात पाच.

ही तपासणी फार कडक झाली म्हणणाऱ्यांसाठी दुसरी पट्टी आहे. लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांनी ती १९६९ साली मांडली. फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घर आवरणं, धुणं, प्रवास, औषधं घेणं, पैशांचा हिशेब, अशी आठ कामं. म्हाताऱ्या माणसाला यातली कोणती जमतात, त्यावरून गुण. बाईला आठही लागू. पुरुषाच्या बाबतीत मात्र स्वयंपाक, घर आवरणं आणि धुणं ही तीन बाजूला ठेवून पाचांतच मोजायची पद्धत होती. म्हणजे ज्याला चहासुद्धा टाकता येत नाही असा पुरुष पाचपैकी पाच मिळवून संपूर्ण स्वावलंबी, आणि त्याच्या वयाच्या बायकोला धुणं झेपेनासं झालं तर तिचा एक गुण कापला. पुढे ही चूक लक्षात आली आणि सगळ्यांना आठ कामं लावायची असं ठरलं. ते कागदावर. आपल्या सरकारने २०२४ साली लोकांचा वेळ कुठे जातो ते मोजलं, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जाताना दिसली, पुरुषांची ८८. आणि हे ८८ही जे हात घालतात त्यांचे. ज्यांनी घातलाच नाही ते सरासरीतसुद्धा आले नाहीत.

‘पण तिला शिकायची हौस आहे हो!’ असंही कानावर येतं. हौस कसली? हाताची थेरपी, सेन्सरी इंटिग्रेशन, नवे स्प्लिंट, व्हीलचेअरची मापं. थांबलं की मागे पडायचं, असा हा धंदा. कार्यशाळा बहुतेक मुंबई-पुण्यात आणि शनिवार-रविवारी. नांदेडच्या थेरपिस्टने रात्रीचा प्रवास करायचा, फी भरायची आणि निघताना तीन वेळचं करून ठेवायचं. लॉकडाऊननंतर वर्ग ऑनलाइन आले, तेही रात्री नऊला. कॅमेरा बंद, माइक म्यूट, कानात मनगटाच्या हाडांची नावं, हातात उद्याची मेथी.

या व्यवसायाची आशियातली पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली, ती काढली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन क्वेकर, लग्न करून इथल्या झालेल्या. चाळिशी उलटल्यावर, संसार पाठीशी असताना, त्या पुन्हा अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकून आल्या. अशा बाईच्या जिद्दीचे गोडवे आपण खुशाल गातो. मला मात्र उत्सुकता त्या काळात मागे घर कोणी चालवलं याची आहे. त्या माणसाचा फोटो छापायला पुरवणीत जागा नसते.

मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये झोके असतात, ट्रॅम्पोलिन असतं, रंगीत चेंडूंचा हौद असतो. थेरपिस्टचं स्वतःचं तीन वर्षांचं पोर सोडून कोणालाही तिथे मज्जाव नाही. पाळणाघराची सक्ती कायद्याने २०१७ सालीच केली आहे, पण पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे. सेंटरमध्ये असतात सहा-सात, त्यातल्याही निम्म्या दर सेशनमागे पैसे घेणाऱ्या. पेशंट आला नाही तर पैसे नाहीत. पोर तापलं आणि ही गेली नाही, तरी नाहीत.

सरकारी नोकरीत आहे त्यांचं बरं आहे, म्हणावं तर तेही पाहू. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली मुलांच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा मंजूर केली. महिलांना सरसकट. पुरुषालाही मिळते, नाही कशी! त्या आदेशातली अट अशी, की बायको असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली हवी. आता अशा बाईला उठवून बसवायचं, आधाराने चार पावलं चालवायचं आणि जमलं तर ओट्यापर्यंत न्यायचं, हे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं. तिने ते मन लावून केलं तर समोरच्या गृहस्थाची रजा धोक्यात. नात्यातला असेल तर तो तिला नक्की सांगेल, जरा सबुरीने घे, रविवारी तुझा कोर्स आहे ना, तो कर आधी.