देग्यलास म्हणजे काय?

पॅरिसला गेलेल्या भाचीकडून फ्रेंच दिग्दर्शक रोमेरच्या एका चित्रपटाची डीव्हीडी मागवली. बिचारीनं कपड्यांच्या घडीत जपून आणली. वेष्टनाच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत सबटायटल्सची भाषा छापलेली होती: फक्त फ्रेंच, आणि तीही कर्णबधिरांसाठी. दार वाजलं की 'दार वाजतं' असं फ्रेंचमध्ये उमटणार. इंग्रजीचा पत्ताच नाही.

रोमेर म्हणजे बोलणं. त्याचा 'मा न्युई शे मोद' (1969) घ्या. बाहेर बर्फ, आत एक कॅथलिक इंजिनिअर आणि घटस्फोटित डॉक्टर मोद. पास्काल, श्रद्धा, लग्न यांवर रात्र जाते. यातले शब्द काढून घेतले तर आम्ही बघायचं काय?

कारण हक्कांचं आहे. फ्रेंच कंपनीकडे बहुधा फ्रेंच भाषिक मुलखापुरतेच हक्क असतात. इंग्रजी मुलखाचे वेगळे विकले जातात. धंदा म्हणून समजतं. पण हजार-दीड हजार ओळींच्या मजकुरासाठी जगातल्या बाकी प्रेक्षकाला दाराबाहेर उभं करणं मला मान्य नाही. इंग्रजी सबटायटल्स हवीत तर अमेरिकेतली क्रायटेरियन नाहीतर ब्रिटनमधली बीएफआय, युरेका यांची ब्लू-रे शोधा. तिथं दुसरं कुलूप. अमेरिकेचा विभाग ए, ब्रिटनचा बी, आपला सी. पैसे मोजून, कस्टम भरून आणलेली डिस्क घरचा प्लेअर ओळखतच नाही. दर्दी माणूस मग चोरीच्या फाइलकडे वळतो. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि इंग्रजी मिळूनही सगळं मिळत नाहीच. झाँ युस्ताशचा साडेतीन तासांचा 'ला मामाँ ए ला प्युतँ' (1973) हक्कांच्या गुंत्यात वर्षानुवर्षं अडकला होता. 2022 मध्ये नव्यानं दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात अलेक्झांड्र आणि नर्स व्हेरोनिका एकमेकांना 'व्हू' म्हणतात, म्हणजे 'तुम्ही'. पलंगावरही 'तुम्ही'. इतकी जवळीक आणि मध्ये ते अंतर. चित्रपटाची सगळी कळ त्या एका सर्वनामात आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये दिसतं 'यू'. 'तू' आणि 'तुम्ही'वर संसार चालवणाऱ्या आपल्या भाषेला जे एका क्षणात कळलं असतं, ते इंग्रजीच्या चाळणीत अडकून राहतं.

गोदारच्या 'आ बु द सुफ्ल' (1960) चा शेवट आठवा. गोळी लागलेला मिशेल रस्त्यावर पडल्या पडल्या पुटपुटतो, हे खरंच देग्यलास आहे. किळसवाणं, ओकारी आणणारं. कोणाबद्दल म्हणाला? त्याच्या मैत्रिणीला, पॅट्रिशियाला, नीट ऐकू येत नाही. पोलीस सांगताना तोच शब्द तिला चिकटवून देतो: तुम्ही देग्यलास आहात, असं म्हणाला. अमेरिकन पोरगी कॅमेऱ्याकडे बघत विचारते, देग्यलास म्हणजे काय? चित्रपट तिथंच संपतो, अर्थ विचारत. दर आवृत्तीत या शब्दाचं इंग्रजी वेगळं. तीनही वेळा एकच शब्द आला नाही, तर पोलिसानं काय केलं ते प्रेक्षकाला कळतच नाही.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, आलियाँस फ्राँसेजमध्ये मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच शिकताहेत. त्यांच्यातल्या चौघांनी एक चित्रपट घ्यावा, रीतसर परवानगी काढावी आणि थेट फ्रेंचमधून मराठी सबटायटल्स करावीत. 'तू'ला 'तू', 'तुम्ही'ला 'तुम्ही'. ओळी किती लांब बसतात, कुठे तोडायच्या, हे पडद्यासमोर बसून ठरवावं लागेल. टंकलेखन आणि मुद्रितशोधन माझ्याकडे लागलं. भाचीनं आणलेली डीव्हीडी टेबलावरच ठेवली आहे.