ठसेछपाई शिकणाऱ्यांसाठी काही नियम

नियम पहिला : शक्यतो नवऱ्याला सोबत नेऊ नये. मी नेलं. धरमपेठेतल्या ब्लॉक प्रिंटिंगच्या कार्यशाळेला हे स्टीलची पट्टी, गुण्या आणि स्पिरिट लेव्हल घेऊन आले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला कोरं कापड म्हणजे मोकळा प्लॉट.

नियम दुसरा : कापडाची खळ आदल्या दिवशीच धुऊन काढावी, नाहीतर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झालेल्या नागपुरात हे सांगावं लागतं. सांगावं लागलं ते मलाच.

नियम तिसरा : टेबलावर गोणपाटाचे थर आणि वर जुनी चादर हवी, ठशाला खाली गादी लागते. हे त्या गादीवर लेव्हल लावायला लागले तेव्हा शिकवायला आलेले बगरूचे भैया अदबीनं म्हणाले, "साहब, ये सड़क नहीं है."

नियम चौथा : ठसा रंगात बुडवू नये. ट्रेमधल्या ओल्या स्पंजवर हलकेच दोनदा टेकवावा. मी वरणात पोळी बुडवावी तसा बुडवला, कोयरीचं वांगं झालं. त्यातून मे महिना. रंग ठशावरच वाळतो, खाचा बुजतात. ओला ब्रश जवळ ठेवावा. मे महिन्यात कार्यशाळा ठेवणाऱ्यांना काय म्हणावं, हे मात्र नियमावलीत बसत नाही.

नियम पाचवा : ठशाच्या कडेला बारीक टिंब असतं, पुढचा ठसा त्यावर जुळवायचा. पट्टी लागत नाही. हे पटवण्यात अर्धा तास गेला.

नियम सहावा : ठसा टेकवला की हलवू नये. मनगटाजवळच्या तळव्यानं वरून एकच ठोका. आमचं अडणारं लोखंडी कपाट हे वीस वर्षं असाच ठोका देऊन उघडतात. तोच ठोका इथं पडला आणि हत्ती उमटला; सोंड, झूल, शेपटीचा गोंडासुद्धा. "हाथ बैठा हुआ है," भैया म्हणाले. ह्यांच्याबद्दल एवढं चांगलं मी चाळीस वर्षांत बोललेली नाही.

नियम सातवा : पिगमेंटचा रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूनं कडक इस्त्री करावी. दोघांच्याही कापडांना मीच केली.

माझी वांगी सध्या कूलर झाकतात. हत्ती दिवाणखान्यात टेबलावर आहेत आणि आल्यागेल्याला हे एकच सांगून राहिलेत, "ओळ पाहा. पट्टी लावली नाही."