खालचं पान की वरचं?

जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की होटगी रोड, ज्या कॉलनीत चार गच्च्यांवर कुंड्या असतात तिथे पाचव्या घरात एक पानवैद्य राहतोच. ही पदवी त्याला कुणी दिलेली नसते. तो बहुधा निवृत्त असतो, पहाटे पाचला उठतो आणि साडेपाचपर्यंत बायकोने त्याला "जरा फिरून तरी या" असं सांगितलेलं असतं. बाकीचे निवृत्त लोक अशा वेळी कंबर तलावाकडे जातात. हा तुमच्या गच्चीवर येतो.

आमचे पानवैद्य बँकेतून निवृत्त झाले. शेती कर्जाचं टेबल त्यांच्याकडे होतं, त्यामुळे नोकरीची बरीच वर्षं सांगोला-मंगळवेढ्याच्या डाळिंबबागांत वसुलीसाठी फिरण्यात गेली. हप्त्याचा विषय काढला की शेतकरी झाडाकडे बोट दाखवायचा, "साहेब, पानं बघा की, कशी पिवळी पडल्यात." साहेब पानं बघायचे. हप्ता काही आला नाही, पण विद्या आली.

ती विद्या वाऱ्यावरची नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. सोलापूर हा पानं बघणाऱ्यांचाच जिल्हा आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 साली आलं. शेजारच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी वेलीवेलीकडे बारीक बघून सोनाका आणि शरद सीडलेस ही द्राक्षं निवडून काढली. अशा मुलखात निवृत्त माणसाने खिशात भिंग ठेवलं तर त्याला हसायचं कसं? तरी लोक हसतात. तो गेल्यावर.

पानवैद्य जिना चढून वर आले की "काय, कसं काय?" वगैरे भानगड नसते. कुंडीसमोर उकिडवे बसतात. पान तोडत नाहीत, हे विशेष. दोन बोटांत धरतात, उलटं करतात, चष्मा कपाळावर सरकवून पान उन्हासमोर धरतात आणि पहिला प्रश्न येतो, "पिवळेपणा सुरू कुठनं झाला? खालच्या पानापासून की वरच्या?" तुम्ही म्हणता, सगळंच पिवळं आहे. त्यावर ते अशा नजरेने बघतात, जशा नजरेने पूर्वी जामीनदाराची सही नसलेल्या अर्जाकडे बघत असतील.

प्रश्न मात्र लाखाचा आहे. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही मंडळी झाडाच्या अंगात फिरती असतात. कमी पडली की झाड म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा जिथे बसले तिथून उठत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई शेंड्याला दिसते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानावर, म्हणजे लोह. तेच म्हाताऱ्या पानावर, म्हणजे मॅग्नेशियम. पानाची कड करपली तर पालाश. पान जांभळट झालं तर स्फुरद. पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ झाला तर जस्त. टोमॅटोचं बूड काळं पडून सडलं तर कॅल्शियम. हे सगळं ते एका दमात म्हणतात, आणि आपल्याला अथर्वशीर्ष ऐकल्यासारखं हात जोडावेसे वाटतात.

झाडाला लागणारी मूलद्रव्यं एकूण 17. त्यातलं सतरावं, निकेल, 1987 साली यादीत आलं. सोळांचे पेशंट पानवैद्यांना भेटून झालेत. निकेलचा अजून एकही सापडलेला नाही आणि ती रुखरुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. कुणाच्या गच्चीवर अगदीच अनोळखी डाग दिसला की त्यांचे डोळे चमकतात. मग कळतं की तो गच्चीच्या रंगकामात उडालेला डिस्टेंपर होता.

विद्येला स्थळकाळ नसतो. सत्यनारायणाच्या पूजेत चौरंगाला बांधलेल्या केळीच्या खुंटाची कड करपलेली दिसली आणि कथेचा तिसरा अध्याय चालू असताना त्यांनी "पालाश!" असा उद्गार काढला, दोघातिघांनी तो जयजयकार समजून हात जोडले. एका लग्नात मंगल कार्यालयाच्या दारात कुंड्यांतली पामची झाडं होती. त्यांची नवी पानं आखडलेली बघून पानवैद्य वधुपित्याजवळ गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "मंगल कमी आहे हो इथे." शेतीखात्याच्या भाषेत मँगनीजला मंगल म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? तो धावत भटजींकडे गेला. मुहूर्त पुन्हा तपासला गेला. पानवैद्य तोवर जेवणाच्या पंगतीत बसून कढीपत्त्याची पानं ताटाच्या कडेला लावून बघत होते.

कढीपत्ता हा त्यांचा आवडता रोगी. सोलापुरात कढीपत्ता पिवळा पडला नाही असं घर दाखवा. पिढ्यान्‌पिढ्या बायका त्याला आंबट ताक घालत आल्या आहेत आणि त्यात तथ्यही आहे. आपली माती चुनखडीची, सामू आठाच्या वर, त्यात बोअरचं जड पाणी. मातीत लोह भरपूर असतं, पण अशा मातीत ते मुळांना उचलता येत नाही. पानवैद्य हे बँकेच्या भाषेत सांगतात, "लोह मंजूर आहे हो वहिनी, वाटप होत नाहीये." इतकं नेमकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. एवढं बोलून ते थांबले असते तर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती. पण ते खिशातून पुडी काढतात.

पुडीत हिराकस असतो. हिरवट खडे, पाण्यात विरघळतात, झाडाला लोह मिळतं, सगळं खरं. पण ते पाणी कुंडीच्या भोकातून खाली उतरतं आणि गच्चीच्या फरशीवर तांबूस, गंजका, गोल डाग पडतो. तो डाग काही केल्या जात नाही. आमच्या कॉलनीत पानवैद्य कुठे कुठे गेले होते हे कुणाला विचारावं लागत नाही, गच्च्या बघितल्या की कळतं. एका घरी नवी पांढरी फरशी बसवली होती. वास्तुशांतीला पानवैद्य आले, जास्वंदीला बघून गेले. त्या घरातल्या काकू आता दूधवाल्यालासुद्धा खिशात काय आहे ते विचारून आत घेतात.

हिराकसाने काम झालं नाही तर मॅग्नेशियम सल्फेट. त्याने नाही झालं तर चिलेटेड जस्त. आणि सगळ्यांनी हात टेकले की बोरॉन. बोरॉन हा पानवैद्यांचा शेवटचा मुक्काम. झाड जगलं तर लोहाने जगलं, मेलं तर "मुळात दोष बोरॉनचा होता, तुम्ही फळ तडकल्याचं मला सांगितलं नाही." आता गुलाबाला फळ कुठून येणार, हे विचारण्याइतकी ताकद त्या वेळी घरच्यांत नसते.

मागच्या पावसाळ्यात मात्र पानवैद्यांची खरी परीक्षा झाली. कॉलनीत एक तेलुगू कुटुंब आहे, पूर्व भागातून इकडे राहायला आलेलं. त्यांच्या अक्कांनी गच्चीवर थर्माकोलच्या खोक्यांत अंबाडी लावली. त्यांच्याकडे तिला गोंगुरा म्हणतात, आमच्या कानडी शेजाऱ्यांकडे पुंडी. भाजी एकच, भांडण फक्त लसूण किती घालायचा यावर. अंबाडी वाढली, कंबरेएवढी झाली, पंजासारखी फाटलेली पानं वाऱ्यावर हलू लागली. समोरच्या इमारतीतल्या एका तरुणाने ती पाहिली, फोटो काढला आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली दोनच शब्द : 'गच्चीवर गांजा?'

संध्याकाळपर्यंत त्यातलं प्रश्नचिन्ह गळून पडलं. ऊस नाहीतर तुरीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच, त्यामुळे कल्पनेला खतपाणी तयार होतं. सेक्रेटरींनी कायदा काढला : 1985 चा अमली पदार्थांचा कायदा, परवान्याशिवाय एक झाड लावलं तरी गुन्हा. हेही खरंच आहे. कुणी म्हणालं, पोलिसांना कळवू. कुणी म्हणालं, आधी तज्ज्ञ बोलवा. तज्ज्ञ जिन्यातच उभे होते.

वर पंधरा माणसं. अक्का एका कोपऱ्यात, पदर तोंडाला, रडतायत की हसतायत कळेना. पानवैद्य उकिडवे बसले. पान उलटं केलं. चष्मा कपाळावर. सगळ्यांचा श्वास अडकलेला. ते म्हणाले,

"नत्र कमी आहे."

"अहो काका, गांजा आहे का ते सांगा!"

"सांगतो की. आधी ही खालची पानं बघा. एकसारखी पिवळी. शिरांसकट."

सेक्रेटरींचा आवाज चढला तेव्हा कुठे ते मूळ मुद्द्यावर आले, आणि इथे मात्र मला त्यांच्याबद्दल अभिमान वाटला. त्यांनी दाखवलं की या पानाचे पाच भाग बुडाशी एकमेकांना जोडलेले आहेत. गांज्याच्या पानाच्या पाकळ्या देठापर्यंत सुट्या असतात आणि कडा करवतीसारख्या दातेरी. खोडावर बारीक काटे दाखवले. मग एक कोवळं पान तोडलं, तोंडात टाकलं, चावलं आणि डोळे मिचकावले. "आंबट. अंबाडी." झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसलासुद्धा अंबाडीचं गांजाशी साम्य दिसलं होतं, म्हणून त्याने तिच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस', म्हणजे गांजासारखी, असा शब्द घातला, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या पोराला फार बोल लावण्यात अर्थ नाही. लोक खाली उतरू लागले. पानवैद्य मागून ओरडले, "आणि गांजा असता तरी नत्र कमीच आहे!"

हा माणूस चुकीच्या काळात जन्मला असं मला त्या दिवशी वाटलं. इंग्रज सरकारने 1893-94 मध्ये भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला होता. त्याच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या गांजाच्या शेतीचं वर्णन आहे. तिथे सरकारी परवान्याने गांजा पिकायचा आणि शेतात एक खास माणूस बोलवावा लागायचा. तो झाडाझाडाकडे बघून नर कोणतं ते ओळखायचा आणि उपटायला लावायचा, कारण नर राहिला की बी धरतं आणि मालाचा भाव पडतो. त्याला पोद्दार म्हणत. साहेब लोक म्हणत 'गांजा डॉक्टर'. नुसतं बघण्याचे त्याला पैसे मिळत. आमच्या पानवैद्यांना चहा मिळतो, तोही घरातल्या काकू नव्या फरशीवाल्या नसतील तर.

पण पोद्दार आणि पानवैद्य यांच्यात एक फरक आहे. पोद्दार काढून टाकायला सांगायचा. पानवैद्य आयुष्यात कधी "काही करू नका" म्हणाले नाहीत. त्यांना कमतरता दिसते, जास्ती दिसत नाही. आणि सोलापूरच्या कुंड्यांत खरी भानगड जास्तीची असते.

हे बाहेरगावच्या वाचकाला सांगितल्याशिवाय पटणार नाही. उजनी धरणाचं पाणी आमच्याकडे चार-पाच दिवसांआड येतं. ज्या गावात पाणी रोज येत नाही तिथे कुंड्यांत पाणी जास्त कसं होईल? असं होतं : पाणी यायच्या आदल्या रात्री घराघरांतल्या बायका पिंपं, घागरी, बादल्या, टिपाडं रिकामी करतात. ते पाणी आता 'शिळं'. शिळं पाणी गटारात ओतायला जीव होत नाही, दुष्काळ पाहिलेली माणसं आहेत. मग ते जातं कुंडीत. एका रात्रीत एकेका तुळशीला दोन-दोन बादल्या. पुढचे चार दिवस थेंब नाही. कुंडीचं भोक काळ्या मातीने बुजलेलं. मुळं आधी गुदमरतात, मग सुकतात, पुन्हा गुदमरतात. मुळं मेली की पान पिवळं पडतं, आणि ते अगदी नत्र कमी असल्यासारखंच दिसतं. त्यावर पानवैद्य युरिया सांगतात.

मी हे त्यांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्या कुंडीतली माती चिमटीत घेतली, वास घेतला. "कुजल्याचा वास येतोय," म्हणाले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "गंधक असेल."

त्यांची बायको वेगळ्या पंथाची आहे. वहिनींच्या खिडकीत एका डालड्याच्या जुन्या डब्यात पुदिना आहे. त्याला त्या भांडी विसळलेलं वाटीभर पाणी रोज घालतात आणि त्याच्याकडे बघत नाहीत. अख्ख्या कॉलनीत हिरवंगार असं तेवढंच एक झाड आहे. पानवैद्य रोज सकाळी ते तपासतात आणि काही सापडत नाही म्हणून चिडचिडे होऊन बाहेर पडतात.

तेव्हा गच्चीवर बाग असलेल्यांना एवढंच सांगणं आहे. शिळं पाणी वाया घालवू नका, फरशी धुवा, गाडी धुवा, फार तर सगळ्या कुंड्यांना तांब्या-तांब्या वाटून द्या. पाणी घालण्याआधी मातीत दोन पेरं बोट घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी हात आवरा. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. खरोखरच काही कमी आहे असं वाटलं तर माती परीक्षण करून घ्या. शेतकऱ्यांच्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासून मिळतात, भिंगातून तेवढ्या दिसत नाहीत. आणि हे सगळं करूनही पानवैद्य येणारच आहेत. त्यांना चहा द्या, प्रश्न विचारा, पोद्दारांची गोष्ट सांगा. फक्त त्यांचा हात खिशाकडे गेला की कुंडीखाली ताबडतोब एक जुनी परात सरकवा.