शिक्का दिसतोय का?

हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत. निवृत्तीपर्यंत पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात आणि त्यानंतर दर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात. गंजका रंधा हाती आला की इतर लोक किंमत विचारतात, हे खिशातून भिंग काढून विचारतात, "शिक्का दिसतोय का?" दिसला, तर व्याख्यान ठरलेलं: बेलीची रंध्याची पेटंटं स्टॅन्ले कंपनीनं १८६९ साली घेतली, शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीचे रंधे १९३१ साली आले, तेव्हा हा नग त्याआधीचा असूच शकत नाही. हे सगळं भाव ठरण्याआधी ऐकवलं की भाव वाढतो, एवढं व्यवहारज्ञान मात्र यांना अजून आलेलं नाही. लग्नात आहेराची परात उलटी करून बघणारा पाहुणाही हाच.

हा निव्वळ भंगाराचा नाद, असा आक्षेप घरातूनच येतो आणि माळ्याची अवस्था पाहता तो रास्त आहे. पण तेवढ्यानं हे संशोधन खोटं ठरत नाही. १९१० साली राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. अस्सल पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही खोड पुण्याला तेव्हाच जडली. मग कागदावरची मोर्तब तपासणारा विद्वान आणि पटाशीवरचा शिक्का तपासणारा चक्रम, हा भेद पुराव्याचा नसून प्रतिष्ठेचा आहे. दिनकर केळकरांनी दिवे, कुलपं, अडकित्ते जमवले, पुढे संग्रह सरकारला दिला, आणि आता तेच अडकित्ते आपण तिकीट काढून बघतो.

खरा आक्षेप निराळाच आहे. शिक्का असतो तो कारखान्याच्या मालावर. गावच्या लोहारानं सुताराला घडवून दिलेल्या वाकसावर तो कशाला असेल? गिऱ्हाईक शेजारचंच, मोबदला बलुत्यात. त्यामुळे यांच्या वहीत शेफिल्डची गल्लीन् गल्ली सापडते, कसबा पेठेची मात्र नाही. तिथल्याच तांबट आळीत मठारकाम करणारा कारागीर आजही कुठला हातोडा कशासाठी, हे सांगू शकतो; पण त्याला विचारायचं यांना सुचत नाही. जिवंत माणसावर शिक्का नसतो ना!

तरीही एक गोष्ट, जरा नाइलाजानंच, कबूल करायला हवी. बिनशिक्क्याचा वाकस हे टाकून देत नाहीत. त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधतात: घडवणारा अज्ञात, दांडा अमुक बाजूनं झिजलेला, सुतार बहुधा डावखुरा. पानिपतावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या आपल्या पंडितांनी भाल्याचं पातं ठोकणाऱ्या लोहारासाठी एवढीसुद्धा शाई खर्च केलेली नाही. पुढे कधीतरी हा माळा रिकामा होईल, लोखंड किलोवर जाईल, आणि काट्यावर चढवण्याआधी भंगारवाला चिठ्ठ्या तोडून टाकील, कारण तेवढं वजन तो धरत नाही.