जेजे भाऊ

धनजमध्ये कुणाच्या पोरानं चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड आणली की पहिला पेढा मारोतीला आणि दुसरा जेजे भाऊला. भाऊचं खरं नाव रेशन कार्डावर असेल. गावाला त्याची कधी गरज पडली नाही. कला शिकायची तर देशातल्या अव्वल ठिकाणीच, हे त्यानं दहावीतच ठरवून टाकलं होतं. आता कानावरचे केस पांढरे झालेत आणि ते अव्वल ठिकाण कोणतं, एवढंच ठरायचं राहिलंय.

पोटापाण्याला तो बोर्ड रंगवतो. कृषी केंद्र, सलून, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणूक आली की समोरासमोरचे दोन्ही पक्ष. पोळ्याला अर्ध्या गावाच्या बैलांची शिंगं त्याच्याच हातची. हे सगळं ‘तात्पुरतं’.

कायमची आहे ती वही. किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली लांबोडकी, पण आतली आखणी पाहत राहावी अशी. पट्टी न लावता मारलेल्या सरळसोट रेघा, लाल अक्षरांना काळी सावली. संस्था, स्थापना, शाखा, फी, वसतिगृह, आणि सगळ्यात रुंद रकाना ‘दोष’.

मुंबईचं जेजे कलाविद्यालय 1857 सालचं. रुडयार्ड किपलिंग त्याच आवारात जन्मला, बाप तिथं मास्तर होता, हे भाऊ बारशाला हजर असल्यासारखं सांगतो. मग जेजेत दोष काय? तर 1961 मध्ये उपयोजित कला रंगकलेपासून तोडून दुसऱ्या संस्थेत नेली. “एका फाटकातून आत गेलं का दुसरं सुटे ना बाप्पा!” बडोदा 1950 चं, नाव मोठं, पण तिथं म्हणे चित्र काढून भागत नाही, त्यावर बोलावंही लागतं. शांतिनिकेतनचं कलाभवन 1919 चं. “झाडाखाली शिकवतात. झाडाखाली तं मी आताही बसलोच हाय.” आणि नागपूर? त्याचा दोष एका शब्दात लिहिलाय: ‘जवळ’.

चित्रकार एस. एच. रझा नागपूरलाच शिकले, अशी आठवण कुणी दिली तर भाऊ वही मिटतो. “शिकले, अन् मंग जेजेले गेले. म्हंजे त्याइलेबी एकात भागलं नाही!” चित्रकार एफ. एन. सूझांवर तर त्याचा विशेष जीव. स्वातंत्र्यचळवळीपायी जेजेनं 1945 मध्ये या माणसाला काढून टाकलं, हे सांगताना भाऊची मान अशी ताठ होते की जणू यालाच काढलं. एकदा चहावाला गाळणी झटकत म्हणाला, “काढासाठी आंधी भरती व्हा लागते ना, भाऊ.” त्यानंतर काही दिवस भाऊनं चहा सोडला होता.

आमच्याकडे त्याला हसणारे पुष्कळ. पण फॉर्म भरायची वेळ आली की तेच पोराला घेऊन त्याच्या ओट्यावर येतात. मागे एका शेतकऱ्याची मुलगी सीईटीसाठी आली. वस्तुचित्रासाठी भाऊनं स्टुलावर ओला दुपट्टा टाकला, त्यावर लोटा आणि दोन वांगी. “वांगं कोणीबी काढते. दुपट्ट्याची घडी पाय, उजेड कुठी मरते ते पाय.” स्मरणचित्राला आठवडी बाजार, त्यात तीन माणसं. तिनं तिन्ही माणसं पाठमोरी काढली, तर भाऊनं कागद उलटा केला. “तोंड काढाले भेतं काय? काढ पुन्हा.” असा मास्तर कोणत्या अव्वल संस्थेत मिळतो, मला माहीत नाही. त्याच्या वहीत तरी त्याचा रकाना नाही.

मुलीला नागपूर मिळालं. बाप घाबरत घाबरत विचारायला आला, “भाऊ, नागपूर चालते का? तुमी तं मुंबईचं म्हणत होते.”

भाऊनं वही उघडली, ‘जवळ’ या शब्दावर बोट ठेवून बराच विचार केला.

“पोरीच्या जातीले चालते,” तो म्हणाला, आणि पोरीनं डोळे वटारलेले पाहून घाईघाईनं, “म्हंजे, कोणालेबी चालते.” मग पेन काढून तिच्याकडे वळला. “अन् पाय, तिथं मेसमंधी पोया कशा असते ते कळवजो. माहा तो रकाना रिकामा हाय. पुढच्या साली मलेबी ठरवा लागीन.”