फ्लॉइडकर

फ्लॉइडकर ओळखायला काळा टी-शर्ट लागत नाही. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं नाव तुम्ही सहज जरी उच्चारलंत, तरी त्याच्या चेहऱ्यावर आनंदाच्या आधी संशय उमटतो. मग तो विचारतो, "कोणता अल्बम?" हा प्रश्न माहितीसाठी नसतो. लोकलमधला टी.सी. "तिकीट?" म्हणतो, त्या जातीचा असतो. तुम्ही 'द वॉल' म्हणालात, तर तो नुसतं "हं" म्हणतो. त्या "हं"चा अर्थ असा, की तुम्ही शाळेतल्या पोरांचं ते एकच गाणं ऐकलंय आणि तेही कुणाच्या तरी लग्नात. 'डार्क साइड ऑफ द मून' म्हणालात तर पास, पण काठावर. 'मेडल' म्हणालात तर खुर्ची पुढे सरकते आणि आतून चहा येतो. 'उम्मागुम्मा' म्हणालात तर मात्र तो विषय बदलतो, कारण तो दोन रेकॉर्डींचा अल्बम त्यानेही शेवटपर्यंत ऐकलेला नसतो.

आमच्या सोसायटीत एक फ्लॉइडकर आहे. तुमच्याही असेलच, नसला तर वरच्या मजल्यावरचा जो गृहस्थ रविवारी दुपारी पडदे लावून घेतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

फ्लॉइडकराची ठाम समजूत अशी, की हा बँड त्याने शोधला. 'डार्क साइड' बाजारात आला मार्च 1973 मध्ये. अमेरिकेच्या बिलबोर्डच्या पहिल्या दोनशेंच्या यादीत तो 1988 पर्यंत मिळून 741 आठवडे होता, म्हणजे चौदा वर्षांहून जास्त. जगभरात त्याच्या चार कोटींच्या वर प्रती खपल्या असं सांगतात. हे आकडे फ्लॉइडकराला पाठ आहेत आणि तो ते अभिमानाने ऐकवतोही. त्याच दमात तो असंही म्हणतो, की "हे संगीत फार थोड्या लोकांना कळतं." चार कोटी लोकांनी मिळून जपलेलं दुसरं गुपित निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

पण शोध लागतो कसा, हे ऐकण्यासारखं आहे. कुठल्याही फ्लॉइडकराला हा बँड दुकानात सापडत नाही, रेडिओवर तर नाहीच. त्याला तो कुणीतरी देतो. हे देणारं माणूस बहुधा हॉस्टेलमधला सीनियर असतं. दाढी वाढलेली, दोन विषय राहिलेले, बोलणं कमी. आमच्या फ्लॉइडकराला तो नव्वदीच्या दशकात इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला भेटला. सीनियरने दार लावलं, ट्यूबलाइट बंद केली, सगळ्यांना फरशीवर उताणं झोपायला लावलं आणि सांगितलं, "कोणी बोलायचं नाही." टेपचं बटण दाबलं गेलं. 'डार्क साइड'ची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते आणि ते इतके हळू हळू वर येतात, की बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. त्या अंधारात लातूरहून आलेल्या एका मुलाने अदबीने विचारलं, "सर, सुरू झालं का?" त्याला बाहेर काढण्यात आलं. पुढे तो मोठा अधिकारी झाला आणि आजही फक्त लता मंगेशकर ऐकतो, सुखी आहे.

जे आत राहिले त्यांचं व्हायचं ते झालं. 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीला दुकानभर घड्याळांचे गजर एकदम होतात. अॅलन पार्सन्स नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने ते खरोखरच्या घड्याळांच्या दुकानात जाऊन मुद्रित केले होते. ते वाजले तेव्हा खोलीतले दोघे सबमिशनच्या धास्तीने उठून दप्तर शोधू लागले. फ्लॉइडकर उठला नाही. "माझं तेव्हाच ठरलं," असं तो सांगतो. काय ठरलं, ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नव्वदची कोरी कॅसेट आणून सीनियरकडून भरून घेतली. इथे एक योग जुळून येतो. 'डार्क साइड' साधारण 43 मिनिटांचा आणि 'विश यू वेअर हिअर' 44 मिनिटांचा. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. म्हणजे दोन अल्बम, दोन बाजू, एक गाणंसुद्धा कापलं जात नाही. लंडनमध्ये बसून या लोकांनी आपल्या हॉस्टेलचा विचार केला होता, असं फ्लॉइडकराला आतून वाटतं. त्याची कॅसेट मात्र कॉपीच्या कॉपीची कॉपी होती आणि तिच्यात संगीताइतकीच खरखर होती. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात त्याने अस्सल सीडी आणली, हेडफोन लावून ऐकली आणि अस्वस्थ होऊन म्हणाला, "यांनी काहीतरी कापलंय."

फ्लॉइडकराची एक सवय सांभाळून घ्यावी लागते. तो बँडच्या आयुष्यातले प्रसंग स्वतःला आलेल्या अनुभवांसारखे सांगतो. 1976 च्या डिसेंबरमध्ये 'ॲनिमल्स'च्या मुखपृष्ठासाठी लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर फुगवलेलं प्रचंड डुक्कर दोर तुटून उडालं, हीथ्रोवरच्या विमानांच्या वाटेत गेलं आणि शेवटी केंट परगण्यात एका शेतात उतरलं. हे सांगताना तो असा वर बघतो, की ऐकणाराही वर बघतो. 1988 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत अंतराळवीरांनी फ्लॉइडची कॅसेट मीर स्थानकावर नेली, हे सांगताना तो "आपली कॅसेट" म्हणतो. 1989 च्या जुलैत व्हेनिसमध्ये तराफ्यावर मंच बांधून बँड वाजला, दोनेक लाख माणसं लोटली, सकाळी शहरभर कचरा, शौचालयांची सोय नाही आणि त्या गदारोळात नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना राजीनामे द्यावे लागले. "एका मैफलीपायी अख्खी पालिका गेली!" फ्लॉइडकर छाती फुगवून सांगतो. त्या जुलैत तो कराडला आठवीत होता आणि सहामाहीच्या भूमितीने हैराण होता. मला मात्र त्या गोष्टीत बँडपेक्षा पालिकेचं जास्त कौतुक वाटतं. कचऱ्यावरून राजीनामा, म्हणे!

फ्लॉइडकरांमध्ये दोन पंथ आहेत: वॉटर्सपंथी आणि गिलमोरपंथी. शब्द आणि विचार रॉजर वॉटर्सचे, गिटार डेव्हिड गिलमोरची. 1985 मध्ये वॉटर्स बाहेर पडला, मग बँडच्या नावावरून वकील लागले. आपल्याकडे बांधावरून लागतात तसे. भाऊबंदकी म्हटल्यावर मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. आमचा फ्लॉइडकर तर त्या खटल्यात कूळ लागल्यासारखा बोलतो. 2005 च्या जुलैत लंडनच्या हाइड पार्कात बँडचे चौघे चोवीस वर्षांनी एका मंचावर आले, तेव्हा हा आपल्याकडच्या पहाटे टीव्हीसमोर बसून रडला. आत झोपलेल्या सासूबाईंना वाटलं, गावाकडून फोन आला. 2007 च्या फेब्रुवारीत वॉटर्स मुंबईत येऊन अख्खा 'डार्क साइड' वाजवून गेला, तेव्हा फ्लॉइडकर पुण्याहून गेला होता. आजूबाजूला हजारो माणसं प्रत्येक शब्द तोंडपाठ म्हणतायत, हे पाहून त्याला आनंद व्हायला हवा होता. तो घरी आला तो फणकाऱ्यातच. "सगळ्यांना येत होतं," एवढंच म्हणाला.

बाहेरच्यांनी त्याचं काही वाकडं केलं नाही. घात घरच्यांनी केला.

त्याचे सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, भजनी मंडळात तबल्याला बसतात. एका रविवारी ते नेमके 'मनी' चालू असताना आले. त्या गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा खळखळाट, कागद फाडल्याचा आवाज आणि गल्ल्याची घंटा यांचं आवर्तन फिरतं. "दुकान उघडलंत का जावईबापू?" म्हणत सासरे बसले. मग त्यांची बोटं मांडीवर पडू लागली. मिनिटभराने ते म्हणाले, "सात मात्रा. रूपकाचं माप." फ्लॉइडकराने हे गाणं सातात आहे असं वाचलं होतं, चार लोकांत सांगितलंही होतं, मोजलं मात्र कधीच नव्हतं. सॅक्सोफोन झाला, गिटार सुरू झाली आणि सासऱ्यांची मान थांबली. "हा पिपाणीवाला सातात राहिला. गिटारवाला चारात आला की हो. सोपं करून घेतलंन." डेव्हिड गिलमोरच्या त्या वादनाबद्दल इतक्या थंडपणे कुणी बोलल्याचं फ्लॉइडकराने आयुष्यात ऐकलं नव्हतं. तो गिलमोरपंथी. त्या दिवशी जेवला नाही.

दुसरा घाव मुलीचा. ती आठवीत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या पथारीवरून तिने काळा टी-शर्ट आणला. छातीवर त्रिकोणी लोलक, एका बाजूने पांढरा किरण आत, दुसऱ्या बाजूने रंग बाहेर. फ्लॉइडकराचा गळा दाटून आला. वारसा पुढे चालला! "कळलं का हे काय आहे?" त्याने विचारलं. "प्रकाशाचं अपस्करण," मुलगी म्हणाली, "पण चुकीचं काढलंय, बाबा." आणि तिने बोट ठेवून रंग मोजले. तानापिहिनिपाजा, सात हवेत, सहाच होते. पारवा गायब. फ्लॉइडकर कपाटाकडे धावला, 'डार्क साइड'चं मूळ मुखपृष्ठ काढलं, चष्मा लावून मोजलं. तिथेही सहाच. इतकी वर्षं भिंतीवर ज्याचं पोस्टर होतं, त्यातला एक रंग कमी होता आणि तो घरातल्या शाळकरी मुलीने दाखवला, तोही बँडचं नाव माहीत नसताना. नाव सांगितल्यावर तिने फोनवर एक गाणं ऐकलं, तेही अर्ध्यापर्यंत. "छान आहे," म्हणाली आणि पुढचं लावलं. ना अंधार, ना सीनियर, ना खरखर. फुकट मिळालं आणि आवडलंही! त्याला सर्वांत जास्त ते लागलं.

सासरे मात्र बदलले. आता ते दर रविवारी येतात. जावयाकडून त्यांनी सगळे अल्बम पेनड्राइव्हवर भरून घेतलेत. 'एकोज' हे गाणं तेवीस मिनिटांचं आहे हे कळल्यावर "म्हणजे हे लोक आलापीला वेळ देतात," असा शेरा देऊन त्यांनी बँडला मान्यता दिली. मंडळातल्या पेटीवाल्या बुवांना त्यांनी एकदा 'मनी' ऐकवलं. बुवांना ते आवडलं. पुढच्या एकादशीला बुवा उत्साहाने सांगू लागले, की नातवाने त्यांच्याही मोबाइलमध्ये ही मंडळी घालून दिली आहेत, काय तयारीचे लोक, वा! सासऱ्यांनी तबल्यावरची हातोडी खाली ठेवली.

"बुवा, तुम्ही परवा ऐकलंत," ते म्हणाले. "आम्ही चातुर्मासापासून ऐकतोय."